मधल्या दाराची कडी

कानाच्या डॉक्टरने आयुष्यभर सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर मळ. त्याच्या खालोखाल हरभरे, ज्वारीचे दाणे, मणी, मेलेली झुरळं आणि घरच्यांनी मोठ्या प्रेमाने ओतलेलं लसणाचं तेल. शिरूरमध्ये बत्तीस वर्षं मी माणसांच्या कानात डोकावलो. दर बुधवारी वरवंडला एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बसायचो. निवृत्तीनंतर लोक विचारतात, कंटाळा नाही आला का एवढ्याशा भोकातून बघत बसायचा? नाही आला. एवढ्याशा भोकातून बघताना आजूबाजूचं मात्र दिसेनासं होतं, आणि त्या एका चुकीबद्दलच मला लिहायचं आहे.

आमच्या इमारतीला बाहेरून दोन दारं होती. डाव्या दारावर माझी पाटी, नाक-कान-घसा. उजव्या दारावर नलिनीची पाटी, दातांचा दवाखाना. नलिनी माझी बायको. बाहेर व्हरांड्यात दोघांना मिळून एकच लांब बाकडं होतं. त्याच्या डाव्या टोकाला कान धरून बसलेली माणसं आणि उजव्या टोकाला गाल धरून बसलेली. आतून दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं. बांधताना आम्ही ते हौसेने ठेवलं होतं, दुपारचा चहा एकत्र घेता यावा म्हणून.

दवाखाना सुरू होऊन वर्षही झालं नसेल तेव्हाची गोष्ट. तालुक्यातले एक वजनदार आप्पा कान दाखवायला आले होते. सोसायट्या, निवडणुका, सोयरिकी, सगळीकडे त्यांचा शब्द चाले. बाकड्यावर बसल्याबसल्या त्यांनी दोन्ही पाट्या वाचल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरंय डाक्टर तुमचं. माणूस कान दाखवाया येतोय आन् दात काढून जातोय. ह्या दारानं आत, त्या दारानं भाईर."

बाकडं खो खो हसलं. मीही हसलो. नलिनी हसली नाही. तिचा स्वभाव असा की, लबाडीचा नुसता वास आला तरी तिचं डोकं फिरतं, आणि इथे तर वास आमच्याच घराचा काढला होता. त्या दिवशी चहा घेताना तिने फर्मान काढलं. "तुमची चिठ्ठी घेऊन आलेला पेशंट मी बघणार नाही. माझी चिठ्ठी घेऊन आलेला तुम्ही बघायचा नाही. गावात दुसरे डॉक्टर आहेत." मग उठून तिने मधल्या दाराला तिच्या बाजूने कडी लावली. चहा आम्ही त्यानंतर व्हरांड्यात घेऊ लागलो.

खोटं कशाला बोलू, मला या नियमाचा फार अभिमान होता. चार लोकांत बसलो की मी तो सांगायचो. लोक माना डोलवायचे, आजकाल असं कोण वागतं म्हणायचे, आणि मी जरा ताठ बसायचो.

नियम पाळायला अवघड होता, कारण कान आणि दात हे सख्खे शेजारी आहेत. डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. खालच्या दाढेचा आणि कानाचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसा एकाच मुळातून फुटतात. दाढ किडली की कधीकधी मेंदूचा घोटाळा होतो आणि त्याला वाटतं, कानच दुखतोय. कारेगावात खोली करून राहणारा आणि कारखान्यात प्रेसवर काम करणारा बिहारचा रामसेवक असाच कान धरून आला होता. कान बघितला तर आरशासारखा स्वच्छ. मी म्हटलं, अक्कलदाढ आहे. त्याला ते पटेना. "डॉक्टर साब, दर्द कान में है और आप दाँत की बात कर रहे हैं!" मी त्याला नियमाप्रमाणे स्टँडजवळच्या दुसऱ्या दंतवैद्याकडे पाठवलं. तो वाटेत आणखी दोन डॉक्टरांना कान दाखवून मगच तिथे पोचला. आठ दिवसांनी सुजलेला गाल घेऊन पेढ्यांचा पुडा द्यायला आला. "साब, आपने कान को हाथ भी नहीं लगाया और कान ठीक!" मी तो पुडा नलिनीला नेऊन दिला. तिने एक पेढा खाल्ला आणि म्हणाली, "बघितलंत? आपण न बघताही लोक बरे होतात." नियम असा फळत होता, तोवर सगळं छान होतं.

मग एका बुधवारी वरवंडला बायजामावशी आल्या.

साठीच्या आत-बाहेरच्या, खुटबावच्या. डोक्यावरून घेतलेल्या पदराचं टोक ओठांवर धरलेलं. मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांचे यजमान, गेनबा आबा. काचबिंदूने आबांचे दोन्ही डोळे गेलेले होते. वडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे, आबांनी मात्र जमीन धरली, ऊस-कांदा केला आणि डोळे गेल्यावर शेती मुलांकडे दिली. मुलं वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहत. जुन्या घरात ही दोघंच.

मावशींचा डावा कान लहानपणी गालगुंडात कायमचा गेला होता. सगळी मदार उजव्या कानावर, आणि आता तोही दडे बसल्यासारखा झाला होता. मध्येच ठणकायचा.

"डाक्टर, मला सिनेमा बघायचा न्हाई का भाषणं ऐकायची न्हाईत," मावशी पदराआडून म्हणाल्या. "ह्यांची हाक तेवढी ऐकू आली पायजे. ह्यांना दिसत न्हाई. पाय घसरला, काय इंचू-काटा निघाला, तर हे हाक मारणार. आन् ती मला ऐकू आली न्हाई तर?"

आबा बाजूला बसून हसले. "काय न्हाई हो. उगा घाबरती ती."

मी कान बघितला. पडद्यामागे पाणी साचलं होतं. नाकाच्या पाठीमागून कानात एक बारीक नळी जाते, कानातली हवा खेळती ठेवते. ती नळी सुजून बंद झाली की आत पाणी साठतं आणि माणसाला पाण्याखाली बुडी मारल्यासारखं ऐकू येतं. मी औषधं दिली. पंधरा दिवसांत बरं वाटलं, महिन्याने पुन्हा तेच. मग त्यांना शिरूरला बोलावलं. चौफुल्याला एसटी बदलून, न्हावऱ्यावरून दोघं आली. दुर्बिणीने नाक पाहिलं. गाठबीठ काही नव्हती, पण उजव्या बाजूने पू ओघळत होता, नेमका त्या नळीच्या तोंडावर. एक्स-रे काढला तर उजव्या गालाच्या हाडातली पोकळी धुरकट, डावी स्वच्छ.

इथे मला माझ्या शिक्षकांचा आवाज ऐकू आला पाहिजे होता, आणि आलाही. ते म्हणायचे, सर्दी दोन्ही बाजूंना होते; एकाच बाजूला पू दिसला तर दात बघा. वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीला अगदी टेकलेली असतात. दाढ मुळाशी सडली की पू वर पोकळीत जातो, तिथून नाकात, नाकातून नळीच्या तोंडाशी. आग एका घरात आणि धूर तिसऱ्या घरातून निघतो.

"मावशी, दात दुखतो का?"

"न्हाई."

"तोंड उघडा बरं."

त्यांनी पदर दोन बोटं खाली घेतला आणि तोंड तेवढंच उघडलं. मिश्रीने काळे झालेले दात दिसले, मागचं काही दिसलं नाही. मी घसा बघण्यापुरती लाकडी पट्टीने जीभ दाबली. त्या संकोचाने आक्रसून गेल्या, तशी मी पट्टी बाहेर काढली. त्यांच्या वयाला, त्यांच्या पदराला मान दिला असं मला वाटलं. कान दाखवायला बायकांना पदर फक्त बाजूला करावा लागतो, तोंडावरून काढावा लागत नाही. आमच्या भागात कानाचा डॉक्टर बायकांना सोयीचा वाटतो तो यामुळेच, आणि ती सोय मलाही अंगवळणी पडली होती.

मी चिठ्ठी लिहिली, दंतवैद्याला दाखवणे, आणि त्यांच्या हातात दिली.

पुढे काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. चिठ्ठी घेऊन मावशी बाहेर आल्या. समोरच दाताचं चित्र असलेली पाटी. आबांना बाकड्यावर बसवून त्या सरळ उजव्या दारातून आत गेल्या. नलिनीने चिठ्ठीवरचं माझं अक्षर ओळखलं आणि नियमाप्रमाणे, अगदी गोड शब्दांत, त्यांना स्टँडजवळच्या दंतवैद्याकडे जायला सांगितलं. मावशींना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. बाईंनी परत पाठवलं, म्हणजे दाताचं विशेष काही नसणार, एवढं त्यांना समजलं. एसटीची वेळ झाली होती. बरोबर आंधळा माणूस. दोघं घरी गेली.

पुढच्या वेळी वरवंडला मावशी शेजारणीबरोबर आल्या. मी विचारलं, "दात दाखवला ना?" त्यांनी मान हलवली. मी कागदावर लिहिलं, दात ठीक.

कमी ऐकू येणारा माणूस प्रत्येक प्रश्नाला मान हलवतो. पुन्हा पुन्हा काय-काय विचारायची त्याला लाज वाटते. हे मी नवीन डॉक्टरांना घसा फोडून सांगत आलोय. आणि त्या दिवशी मी स्वतः एका हललेल्या मानेवर विश्वास ठेवला.

त्यानंतरचे आठ महिने मी कानाशीच झटापट करत राहिलो. पडद्याला छेद देऊन पाणी काढलं. बारीक नळी बसवली, तर तिच्यातून कान वाहायला लागला. वाहत्या कानात ऐकायचं यंत्रही बसवता येईना. दर भेटीला मावशींचं ऐकणं थोडं कमी झालेलं असायचं. त्यांच्या मनगटाला सुतळीचा एक तुकडा बांधलेला दिसू लागला. मला वाटलं, कुठल्यातरी देवऋषीकडून कानासाठी बांधून घेतला असेल. मी मनातल्या मनात थोडा चिडलोही.

शेवटी मी हात टेकले. पुण्याला एका मोठ्या सर्जनच्या नावे पत्र लिहायचं ठरवलं. कानामागचं हाड उघडून आत काय आहे ते बघायचं. ऐकू येणाऱ्या एकुलत्या एका कानावर शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. कान वाचेलही, उरलंसुरलं जाईलही. ते सांगायला आणि शेवटची श्रवणचाचणी करायला मी दोघांना शिरूरला बोलावलं.

श्रवणचाचणीसाठी माझ्याकडे काचेची बंद पेटी होती, माणूस आत बसेल एवढी. मावशी आत बसल्या, कानाला हेडफोन, बाहेरचं काही ऐकू येण्याची शक्यताच नाही. आमची टेक्निशियन बाई बटणं दाबत होती. मी आबांना माझ्या टेबलाशी आणून बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. आबांनी काठीवर हनुवटी टेकली.

"डाक्टर, ती आत हाय ना?"

"आहे."

"तिला ऐकू जानार न्हाई?"

"नाही."

"मंग एक इचारतो. रागावू नका." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "हिच्या तोंडाला वास येतुय. उजव्या अंगानं. ती माझ्या डाव्या हाताला बसली का येतुय, उजव्या हाताला बसली का कमी. मला दिसत न्हाई, पर नाक हाय की. त्याचा काय कानाशी संबंध आसंल का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले, आबा?"

"झाली दोन वरसं. आदी वाटलं, मिश्रीचा आसंल. तर तिनं मिश्रीबी सोडली. तरी वास हायेच."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तिच्या देखत कसं बोलायचं? तिला वाटतंय, मला कळलंच न्हाई. माझ्यासमूरबी पदर लावून बसती बिचारी. मला काय पदर दिसतुय व्हय? पर पदराआडून बोललं का आवाज येगळा येतुय. ती लपवती, म्हनून मीबी गप."

आणि मग, मी न विचारता, त्यांनी सुतळीचंही सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी ते गोठ्यामागे पाटात पाय घसरून पडले होते. दहा पावलांवर मावशी चुलीपुढे पाठमोऱ्या बसलेल्या. ते हाका मारत राहिले. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाने त्यांना उचललं. त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लांब सुतळी घेतली, एक टोक आबांच्या बाजेला आणि एक स्वतःच्या मनगटाला. "वढलं का येती. बाजारला जाताना बाजंची गाठ सोडून सुतळी मनगटाला गुंडाळती, पर मनगटावरची गाठ न्हाई सोडत. म्हनती, इसरायला नगं."

पेटीत मावशी डोळे मिटून, सगळं बळ एकवटून, एखादा तरी आवाज येतोय का ते ऐकत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उठलो, मधल्या दाराशी गेलो आणि ठोठावलं. कडी लागल्यापासून ते दार मी कधी ठोठावलं नव्हतं. पलीकडून मशीन थांबल्याचा आवाज आला. कडी इतकी घट्ट बसली होती की नलिनीला ती काढताच येईना. मग तिने काहीतरी ठोकलं आणि दार उघडलं.

"काय झालं?"

"नलू, एक दात बघ."

"आपला नियम..."

"नियम राहू दे. ये."

मावशी पेटीतून बाहेर येत होत्या. नलिनीने त्यांना पाहिलं आणि जागेवरच थबकली. "अहो, ह्यांना तर मी परत पाठवलं होतं," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी होती." आम्ही एकमेकांकडे बघितलं. बत्तीस वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली, पण ही चूक दोघांचीही होती.

नलिनीने मावशींना स्वतःच्या खुर्चीत नेऊन बसवलं. तोंड उघडा म्हटलं तर मावशींनी पदर धरला तो धरलाच. त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या आबांकडे होती. नलिनीच्या ते लक्षात आलं. मला आलं नसतं. ती वळून म्हणाली, "आबा, तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

आबा आंधळे. पण ते आज्ञाधारकपणे वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मावशींनी पदर सोडला आणि तोंड उघडलं.

नलिनीने आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून पाहिला. उजवीकडची वरची, शेवटून दुसरी दाढ. वरून धडधाकट दिसत होती. आतली नस कधीच मेली होती, म्हणून दुखत नव्हती. मेलेला दात बोंब मारत नाही. एक्स-रेमध्ये मुळाशी काळा डाग दिसला, पार पोकळीला भिडलेला. मावशी म्हणत होत्या, दुखत न्हाई तर काढायचा कशाला? नलिनीने त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाली, "आबांची हाक ऐकायची ना? मग काढायचा." मावशींनी तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

दाढ निघाली तेव्हा खोलीभर जो वास पसरला, त्याने व्हरांड्यातलं बाकडंसुद्धा गप्प झालं. नलिनीला मात्र आनंद आवरेना. दात चिमट्यात धरून ती मला दाखवत राहिली. पुण्याचं पत्र मी फाडून टाकलं.

लगेच चमत्कार झाला असं कोणी समजू नये. पोकळी धुवावी लागली, औषधं चालली, मावशींच्या फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा पू थांबला. मग नाक कोरडं झालं. मग कान वाहायचा थांबला, आणि हळूहळू नाकामागची ती बंद पडलेली नळी उघडली. पण आठ महिने आत जो पू खेळला होता, त्याने काही नेलंच. बारीक, उंच आवाज मावशींना पुन्हा कधी नीट ऐकू आले नाहीत. चिमण्या ऐकू येत नाहीत, असं त्या एकदा सहज म्हणाल्या. त्या सहज म्हणाल्या, मला ते अजून सहज घेता येत नाही. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी नलिनीने तो दात पाहिला असता तर चिमण्याही राहिल्या असत्या, असं मला वाटतं.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी केली. पेटीतली चाचणी झाली, कागदावरची रेघ बरीच वर आली होती. पण मावशींना रेघेचं काय! मी म्हटलं, आपण खरी परीक्षा घेऊ. मावशींना माझ्या खोलीत दाराकडे पाठ करून स्टुलावर बसवलं. हलायचं नाही, आवाज आला की फक्त बोट वर करायचं, असं बजावलं. आबांना व्हरांड्याच्या पार टोकाला नेलं आणि सांगितलं, नेहमी मारता तशी हाक मारा, मोठ्याने नको.

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. बाकड्यावरची माणसं बघत होती. त्यांना लाज वाटली असावी. घसा साफ केला आणि अगदी हळू, घरातल्या घरात मारावी तशी हाक मारली, "अगं एऽ..."

मावशींनी बोट वर केलं नाही. त्या "आले, आले" म्हणत स्टुलावरून उठल्या, परीक्षा विसरल्या, चपला विसरल्या, माझ्या शेजारून, दारातून, बाकड्यावरच्या सगळ्या लोकांसमोरून तरातरा चालत आबांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "काय वो? काय झालं?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "नुसतं बघितलं."

मला चष्मा पुसावा लागला. नलिनी उजव्या दारात उभी होती, तिने सरळ पदराने डोळे पुसले.

त्या दिवशी मी दोघांना समोर बसवून आमची चूक सांगितली. नियम सांगितला, चिठ्ठी सांगितली, आठ महिने सांगितले. आमच्या धंद्यात हे सहसा कोणी करत नाही. मावशींना मी काय बोलतोय ते बहुधा नीट समजलं नाही, किंवा समजून त्यांनी तसं दाखवलं नाही. आबा मात्र ऐकून हसले. "तुमचं दार बंद, आमची तोंडं बंद. फिटलं बघा, डाक्टर. आता च्या पाजा."

चहा आम्ही चौघांनी मधलं दार उघडून घेतला.

पुढे सुगीला मावशी भुईमुगाच्या शेंगांची एक पिशवी देऊन गेल्या. पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. नलिनी कात्री आणायला गेली आणि मध्येच थांबली. तिने ती गाठ नखांनी सोडवली, बराच वेळ लागला. "तीच आहे," ती म्हणाली. सुतळीचा एका बाजूचा भाग मनगटाच्या घामाने काळा झालेला होता. तिने मधलं दार पूर्ण उघडलं, त्याची कडी खिडकीच्या गजाला त्या सुतळीने बांधून टाकली, आणि त्यानंतर दवाखाना बंद होईपर्यंत ते दार लागलं नाही. लोक काय म्हणाले? आप्पांच्या वळणाचे लोक असतातच, ते म्हणायचं ते म्हणाले. कान घेऊन आलेल्या प्रत्येकाचे दात नलिनी दारातून येऊन बघायची आणि सुजलेला गाल घेऊन आलेल्याचा कान मी. त्यातून पुढे आणखी कितीजणांचं दुखणं सापडलं, ते मी मोजलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जागा दुसऱ्या डॉक्टरांना दिली. सामान आवरताना नलिनीने खुर्ची दिली, कपाटं दिली, पण सुतळी सोडून घरी आणली. आता मी सत्तरीला टेकलोय. माझ्या कानांना दात-बित कसलंही कारण नाही, नुसतं वय झालंय. ओट्यापाशी उभी राहून ती हाका मारत राहते आणि मी पेपर वाचत बसतो. इतकी वर्षं लोकांना यंत्र लावा म्हणून उपदेश केला, स्वतःला मात्र उद्या बघू म्हणत ढकलतोय.

परवा चहा गार झाल्यावर ती ओट्यापासून बाहेर आली. हातात ती सुतळी. रागावली असेल म्हणून मी आधीच सारवासारव करायला लागलो. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी पेपर बाजूला ठेवला आणि मनगट पुढे केलं.